ड्रीपच्या नळीत पुन्हा पुन्हा होणारा पांढरा बुळबुळीत थर : कारण आणि बंदोबस्त

तक्रार साधारण अशी असते. बोअरचं पाणी, त्यावर ऊस नाहीतर ढबू मिरची, आणि नवीन ड्रीप. पहिला हंगाम बरा जातो. मग सरीच्या शेवटाकडची रोपं मान टाकायला लागतात. लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीचं, टोक उघडलं की आधी काळपट पाणी येतं, त्यामागून राखाडी घाण, आणि मग ओल्या कापसाच्या वातीसारखे पांढरे धागे. बोटात धरायला गेलं की निसटतात. ॲसिड सोडलं, ड्रिपर झटकले, टोकं उघडून धुतलं, की दोन-तीन आठवडे पाणी नीट पडतं. आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी या भागातले शेतकरी मला हे सतत विचारतात, आणि प्रत्येकाला दुकानात एकच उत्तर मिळालेलं असतं : "शेवाळ झालंय, मोरचूद (कॉपर सल्फेट) सोडा." हे उत्तर चुकीचं आहे. त्याने पैसे जातात आणि त्रास वाढतो. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

शेवाळ का नाही, ते आधी. शेवाळाला ऊन लागतं. काळ्या नळीच्या आत उजेडाचा कवडसासुद्धा जात नाही. शेततळ्यात वाढलेलं शेवाळ फिल्टरमधून सुटून नळीत येऊ शकतं, पण ते हिरवं किंवा मेलेलं तपकिरी असतं. जे अंधारातच वाढतं आणि पांढरं असतं, ते शेवाळ नव्हे. ते जिवाणू आहेत. आणि तेही असे, की ज्यांचं अन्न म्हणजे पाण्यातला कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड.

हे जिवाणू कोणते

पाण्यात राहून गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंच्या बऱ्याच जाती आहेत. नळीत त्रास देणारी मुख्य जात थायोथ्रिक्स निव्हिया. तिच्या जोडीला बऱ्याचदा बेगियाटोआ असतो. बेगियाटोआ चिखलावर, संथ पाण्यात सरपटत राहतो. थायोथ्रिक्सला वाहतं पाणी आवडतं, आणि म्हणूनच ड्रीपची नळी ही तिच्यासाठी आयती जागा. पेशी एकापुढे एक जोडून तिचा लांब धागा होतो, धाग्याभोवती पातळ खोळ असते, आणि बुडाशी चिकट पकड असते. त्या पकडीने ती नळीच्या भिंतीला, ड्रिपरच्या तोंडाला, फिल्टरच्या चकतीला धरून बसते. अनेक धागे एकाच ठिकाणी बुड टेकून चहूकडे पसरतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली फुलासारखा झुबका दिसतो.

पांढरा रंग कुठून येतो, ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. हा जिवाणू हायड्रोजन सल्फाइड घेतो आणि पाण्यातल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्याचं गंधक करतो. त्या क्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर त्याचं पोट भरतं. तयार झालेलं गंधक तो बारीक चकाकणाऱ्या कणांच्या रूपात धाग्यातच साठवतो. तो पांढरेपणा म्हणजे हे साठलेलं गंधक. बाहेरचा सल्फाइड संपला की साठवलेल्या गंधकाचं सल्फेट करून त्यावर काही काळ तग धरतो. म्हणजे मोटर बंद असली तरी तो लगेच उपाशी मरत नाही.

सजीवाला निव्वळ खनिज पदार्थाच्या ज्वलनावर जगता येतं, ही गोष्ट जगाला पहिल्यांदा कळली ती याच कुटुंबामुळे. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये स्ट्रासबुर्गला बेगियाटोआवर काम करताना ते दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी थायोथ्रिक्स हे नाव दिलं. आपल्या रानात ज्याला आपण घाण म्हणून झटकतो, त्याच्यावरून जीवशास्त्राचं एक मोठं दार उघडलं, हे मला फार विलक्षण वाटतं. ड्रीपमधला त्रासही नवा नाही. फ्लोरिडातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांत ठिबक नवीन आलं तेव्हा, १९७० च्या दशकात, तिथल्या संशोधकांनी तुंबलेल्या फिल्टरमध्ये आणि ड्रिपरमध्ये हेच जिवाणू पाहून नोंदवले.

माणसाला किंवा पिकाला हे जिवाणू रोग लावत नाहीत. ते जमिनीत गेले म्हणून ऊस पिवळा पडत नाही. नुकसान होतं ते फक्त पाणी न पोचल्याने.

आधी खात्री करून घ्या

नळी तुंबायची कारणं चार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. न पाहता औषध सोडू नका.

सगळ्यात आधी वास. मोटर सुरू करून दहा मिनिटं पाणी वाहू द्या, मग बोअरच्या तोंडाशी ग्लास भरा आणि तिथेच, त्याच क्षणी नाकाशी न्या. घरी आणून वास घेऊ नका, वाटेत वायू उडून जातो. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ पीपीएमच्या आसपास सल्फाइड असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. घरातल्या बायकांना विचारा, त्यांना हे आपल्या आधी माहीत असतं. त्या पाण्याने तांब्याची घागर काळवंडते, चांदीचं जोडवं काळं पडतं.

मग घाण. लॅटरलच्या टोकातून निघालेला पांढरा भाग पांढऱ्या बशीत घ्या आणि त्यावर बाथरूम धुवायच्या ॲसिडचा थेंब टाका. फसफसलं तर तो क्षार आहे, चुन्याचा. त्याला ॲसिड हेच औषध आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. फसफसलं नाही, बुळबुळीत धागा तसाच राहिला, तर जिवाणू. दोन्ही एकत्रही असतात, कारण आपल्याकडचं पाणी जड असतं आणि चिकट थरावर क्षार चांगला बसतो. घाण लालसर, गंजाच्या रंगाची असेल तर लोह आणि लोहावर जगणारे जिवाणू. खानापूरकडच्या जांभ्याच्या पट्ट्यात हा संशय आधी घ्यावा. चौथं कारण साधी माती, ती बोटांत चरचरते.

पक्की खात्री हवी असेल तर थोडी घाण बाटलीत, त्याच पाण्यात बुडवून, त्याच दिवशी निपाणी, चिकोडी किंवा बेळगावच्या एखाद्या सायन्स कॉलेजात न्या. तिथे सूक्ष्मदर्शक असतोच. चारशे पट मोठं करून पाहिलं की धाग्यात चकाकणारे कण दिसतात. ते दिसले की वाद मिटला.

पाण्याची तपासणी करून घ्या, पण इथे एक मोठी गफलत होते. साध्या तपासणीच्या अहवालात सल्फेट दिलेलं असतं, सल्फाइड नव्हे. अहवाल कन्नडमध्ये असला आणि घाईत वाचला, तर आकडा बघून आपल्याला वाटतं तपासणी झाली. झालेली नसते. सल्फाइड तपासायचं असेल तर बाटलीत आधीच झिंक ॲसिटेट घालावं लागतं, म्हणजे वायू जागच्या जागी धरून राहतो. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो उडालेला असतो आणि अहवालात शून्य येतं. तुक्कानट्टी किंवा मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर धारवाडच्या कृषी विद्यापीठात आधी चौकशी करा : सल्फाइड तपासता का, आणि औषध घातलेली बाटली देता का. दोन्हीला होकार मिळाला तरच नमुना न्या.

आकडा आला की असा वाचा. ०.५ पीपीएमच्या खाली असेल तर तुंबण्याचा धोका कमी. ०.५ ते २ मध्ये मध्यम. २ च्या वर असेल तर पाण्यावर प्रक्रिया केल्याशिवाय त्यावर ड्रीप चालणार नाही, कितीही भारी कंपनीची नळी आणा. सोबत सामू, म्हणजे पीएच, आणि लोह हे दोन आकडेही मागून घ्या. ते पुढे लागतात.

साफ केलं तरी परत का येतं

या जिवाणूला दोन गोष्टी एकाच जागी लागतात : सल्फाइड आणि थोडासा ऑक्सिजन. बोअरच्या खोल पाण्यात सल्फाइड आहे, पण ऑक्सिजन नाही. उघड्या हवेत ऑक्सिजन भरपूर, पण सल्फाइड टिकत नाही. दोघांची गाठ पडते ती नळीत. मोटर बंद झाली की उताराच्या रानात लॅटरल रिकामी होते आणि ड्रिपरच्या छिद्रांतून, एअर व्हॉल्व्हमधून हवा आत ओढली जाते. थ्री फेज करंट तुकड्या-तुकड्यात येतो, त्यामुळे दिवसात ही उघडझाक कितीदा तरी होते. प्रत्येक वेळी नळीला नवी हवा, आणि मोटर सुरू झाली की नवा सल्फाइड. वर बोअरच्या पाण्याची ऊब. थायोथ्रिक्सला २५ ते ३० अंशांचं तापमान मानवतं, आणि ते तिला इथे जवळजवळ वर्षभर मिळतं.

म्हणजे आपण ड्रिपर साफ करतो तेव्हा मेजवानीची ताटं उचलतो, पण स्वयंपाक चालूच असतो.

दुसरं कारण या जातीच्या वाढीत आहे. धाग्याच्या टोकाच्या पेशी सुट्या होतात, पुढे सरकतात, नवी जागा धरतात आणि तिथे नवा धागा सुरू करतात. फ्लश करताना, म्हणजे टोकं उघडून पाणी जोरात सोडताना, लांब धागे तुटून निघून जातात, पण बुडं आणि या सुट्या पेशी भिंतीला राहतात. म्हणून नुसत्या फ्लशने काम होत नाही. फ्लश हवाच, पण तो एकटा पुरत नाही.

तिसरं कारण आपण स्वतः नळीत घालतो. अमोनियम सल्फेट, ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट), मॅग्नेशियम सल्फेट ही सगळी सल्फेटची खतं. खत सोडून झालं आणि लगेच मोटर बंद केली, की ते खत लॅटरलच्या टोकाकडे साचून राहतं. तिथे मेलेल्या धाग्यांचा गाळ असतोच. बंद नळीत त्या गाळाखालचा ऑक्सिजन संपतो, आणि मग वेगळेच जिवाणू, सल्फेटपासून श्वास घेणारे, त्या सल्फेटचं परत सल्फाइड करतात. टोक उघडल्यावर आधी जे काळं पाणी येतं ते हेच. सल्फाइडने पाण्यातल्या लोहाला धरून केलेला काळा आयर्न सल्फाइड. म्हणजे नळीच्या टोकाशी सल्फाइडचा छोटा कारखाना उभा राहतो, आणि त्याच्या थोडं अलीकडे पांढऱ्या धाग्यांना त्यावर खायला मिळतं. जीवामृत किंवा गुळाचं पाणी ड्रीपमधून सोडणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. जीवामृत वाईट असं मी म्हणत नाही, पण ते नळीत शिल्लक राहिलं तर त्या गाळाला गोड खुराक मिळतो. ते जमिनीवर सोडलेलं बरं.

मुख्य उपाय : गाठ नळीच्या बाहेर घालून द्या

सल्फाइडला हवा लागणारच आहे. ती नळीत लागण्याऐवजी आधीच, उघड्यावर लागू द्या. माझ्या मते याच्याशिवाय केलेला कुठलाही उपाय तात्पुरता आहे.

बोअरचं पाणी थेट फिल्टरला न जोडता उघड्या टाकीत किंवा शेततळ्यात सोडा. सरकारी योजनेतला कृषी होंडा, म्हणजे शेततळंच, असेल तर तोही चालतो. पाणी अलगद सोडू नका. डिलिव्हरी पाइपचं तोंड चार-पाच फूट उंच घ्या, शेवटच्या तुकड्याला छिद्रं पाडा, आणि पाणी खडी भरलेल्या एक-दोन जाळीदार ट्रेंवरून फुटून पडू द्या. जितकं बारीक होऊन पडेल तितका वायू जास्त उडेल आणि तितका ऑक्सिजन जास्त मिसळेल.

आता सामूचा आकडा काढा. सल्फाइड पाण्यात दोन रूपांत असतो, एक उडणारा वायू आणि दुसरा न उडणारा आयन. सामू ७ असला तर साधारण निम्मा निम्मा. सामू ८ झाला की उडणारा भाग दहा टक्क्यांवर येतो. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक, सामू जास्त असलेल्या पाण्याला वास कमी येतो, म्हणून लोक म्हणतात वास तर फारसा नाही, मग हे कसं झालं. दोन, अशा पाण्यातला सल्फाइड नुसतं उंचावरून पाडून जात नाही. ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होऊन त्याचं गंधक किंवा सल्फेट व्हायला वेळ लागतो. म्हणून सामू ८ च्या आसपास असेल तर पाणी टाकीत काही तास, जमलं तर रात्रभर राहू द्या. रात्रीच्या पाळीच्या करंटवर टाकी भरायची आणि दिवसा त्यातून ड्रीप चालवायचं, असं वेळापत्रक बसवलं तर सोपं जातं. पाणी किंचित दुधाळ दिसू लागलं तर घाबरू नका, ते बारीक गंधक आहे. तळाला बसतं. सक्शन तळापासून फूटभर वर ठेवा.

ट्रेवर आणि टाकीच्या भिंतींवर पांढरे धागे वाढतील. वाढू द्या. तिथे ते तुमचंच काम करतात, नळीत जाणारा सल्फाइड आधीच खाऊन टाकतात. फक्त आठवड्याला खराट्याने घासून तो थर पाण्याबरोबर बाहेर काढा, नाहीतर तुटून तो पुढे जाईल. टाकीनंतर वाळूचा फिल्टर आणि त्यानंतर डिस्क फिल्टर हवाच. शेततळं असेल तर आता खरंच शेवाळ येणार, त्यासाठीही वाळूचा फिल्टर लागतो.

यात खर्च आहे, तो लपवत नाही. टाकीतून पुन्हा दाब देण्यासाठी दुसरी मोटर लागते. ड्रीपला साधारण एक किलोचा दाब हवा, म्हणजे टाकी रानापेक्षा दहा मीटर उंच असल्याशिवाय नुसत्या उतारावर ते जमत नाही. पण दर हंगामाला लॅटरल बदलण्याचा खर्च मांडून बघा आणि मग ठरवा. सल्फाइड १ पीपीएमच्या आत असेल आणि रान लहान असेल, तर टाकीशिवाय फक्त क्लोरीनवरही निभावतं.

क्लोरीन : किती, कधी, कुठे

टाकीत सुटलेला थोडा सल्फाइड आणि नळीत बसलेली बुडं, या दोन्हीसाठी क्लोरीन. हिशोब सोपा आहे. द्रव सोडियम हायपोक्लोराइट १० टक्क्यांचं असेल, तर १०,००० लिटर पाण्याला १ लिटर सोडलं की १० पीपीएम होतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये ताजी असताना सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणून तेवढ्याच पाण्याला ३०० ग्रॅम. पावडर असेल तर बादलीत रात्री कालवून ठेवा आणि सकाळी वरची निवळी तेवढी घ्या. खालचा चुना नळीत गेला तर क्षाराचं नवं दुखणं. द्रव हायपो उन्हात आणि जुनं झालं की कमकुवत होतं, म्हणून दुकानातून थोडं थोडं आणा आणि सावलीत ठेवा.

पण आधी सल्फाइडच क्लोरीन खातो. १ पीपीएम सल्फाइडचं गंधक करायला साधारण २.१ पीपीएम क्लोरीन जातं, आणि पार सल्फेटपर्यंत न्यायला ८ च्या वर. म्हणून २ पीपीएम सल्फाइडच्या पाण्यात तुम्ही ४ पीपीएम क्लोरीन सोडलं, तर जिवाणूंपर्यंत काहीच पोचत नाही. "क्लोरीन टाकून पाहिलं, काही उपयोग नाही" म्हणणारे बहुतेक जण इथे अडकलेले असतात. टाकीची किंमत इथेही वसूल होते.

पहिल्यांदा साफ करताना १० ते २० पीपीएम, शेवटच्या ड्रिपरपर्यंत वास पोचेपर्यंत सोडा, मग मोटर बंद करून अर्धा ते एक तास नळीत राहू द्या, आणि मग फ्लश. त्यानंतर रोजच्या पाण्यात इतकंच की शेवटच्या ड्रिपरशी १ ते २ पीपीएम मोकळं क्लोरीन मिळेल. मोजायला ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडे असतो तो क्लोरोस्कोप पुरतो. मोजमाप फिल्टरजवळ घेऊ नका. शेवटच्या लॅटरलचा शेवटचा ड्रिपर, तिथलं पाणी घ्या. क्लोरीन सोडायची जागा फिल्टरच्या अलीकडे ठेवा, म्हणजे त्याने जे गंधक तयार होईल ते फिल्टरमध्ये अडकेल.

सामू ७.५ ला क्लोरीनची निम्मी ताकद उरते, ८.५ ला जेमतेम दहा टक्के. त्यामुळे जास्त सामूच्या पाण्यात आधी थोडं ॲसिड देऊन सामू ६.५ ते ७ वर आणणं फायद्याचं. पण ॲसिड आणि क्लोरीन कधीही एका बादलीत, एका टाकीत, एका व्हेंचुरीत (खत-औषध ओढून घेणाऱ्या नळीत) येऊ देऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस जागेवर गुदमरतो. दोघांची भोकं मेन लाइनवर वेगवेगळी, निदान एक मीटर अंतरावर. बादल्यासुद्धा वेगळ्या रंगाच्या घ्या, म्हणजे गडीमाणसाची चूक होणार नाही.

क्लोरीनच्या दिवशी युरिया, अमोनियाची खतं, कीटकनाशक, ट्रायकोडर्मा (पिकाला उपयोगी बुरशी) यातलं काही सोडू नका. अमोनियाबरोबर क्लोरीन बांधलं जातं आणि ताकद जाते. ट्रायकोडर्मा तर मरतोच.

क्लोरीन नको असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड हा चांगला पर्याय आहे. सल्फाइडवर तो लवकर काम करतो आणि मागे पाणी आणि ऑक्सिजन एवढंच उरतं. महाग पडतो, आणि हातमोजे-चष्मा घातल्याशिवाय हात लावू नये.

फ्लश करण्याची रीत

बहुतेक जण सगळी टोकं एकदम उघडतात. मग एकाही लॅटरलला जोर राहत नाही आणि घाण जागेवर डुलत राहते. नळीच्या टोकाला पाण्याचा वेग सेकंदाला किमान फूटभर हवा. मोजायची सोपी रीत : १६ एमएमच्या लॅटरलच्या टोकाला लिटरची बाटली धरा. वीस-बावीस सेकंदांत भरली तर वेग पुरेसा. जास्त वेळ लागला तर उघडलेली टोकं कमी करा. आधी मेन, मग सबमेन, मग लॅटरल, हा क्रम मोडू नका. स्वच्छ पाणी आल्यावरही मिनिटभर चालू ठेवा, कारण काळा गाळ शेवटी शेवटी सुटतो. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा तरी.

आणि प्रत्येक वेळी खत सोडून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी. करंट जायच्या वेळेला खत सोडायला घेऊ नका.

मोरचूद, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं

सल्फाइडच्या पाण्यात मोरचूद टाकला की तांबं सल्फाइडला धरतं आणि काळी, न विरघळणारी पूड होते. तीच जाऊन ड्रिपरमध्ये बसते. जिवाणूंसाठी म्हणून टाकलेलं तांबं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. लोह, जस्त, तांबं असलेली सूक्ष्म अन्नद्रव्यं ड्रीपमधून सोडायची असतील, तर सल्फाइड आधी पूर्ण घालवा, नाहीतर ती फवारणीतून द्या.

बोअरमध्येच औषध टाकलं तर?

कधी उपयोग होतो, कधी नाही. ओळखायची खूण अशी. मोटर बरेच दिवस बंद होती, सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं वास आला आणि मग गेला, तर सल्फाइड बोअरच्या आतच, केसिंगच्या आसपास तयार होतोय. तिथे क्लोरीन कामाला येतं. तासभर उपसूनही वास तसाच राहिला, तर तो खडकातल्या पाण्यातूनच येतोय, बोअर धुऊन थांबणार नाही. मग वरची टाकीच.

धुवायचं ठरलं तर हिशोब : साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी असतं. पाण्याची उंची ३०० फूट असेल तर जवळपास २,००० लिटर. १०० पीपीएम करायला १० टक्क्यांचं हायपो २ लिटर पुरतं. ते बादलीभर पाण्यात मिसळून ओता, मोटर थोडा वेळ चालवून तेच पाणी परत बोअरमध्ये फिरवा, एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी उपसलेलं पाणी पिकाला नको, जनावरांच्या हौदात तर अजिबात नको. वास जाईपर्यंत पडीक जागेत सोडा.

नदीच्या आणि ओढ्याच्या पाण्यावर असाल तर

कृष्णा, दूधगंगा, घटप्रभेचं वाहतं पाणी साधारण या त्रासापासून मोकळं असतं. पण उन्हाळ्यात डबक्यासारखं साचलेलं पाणी, किंवा सांडपाणी मिसळलेला ओढा असेल तर तिथेही हीच जात येते. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या, शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या ओढ्यात दगडांवर करड्या-पांढऱ्या शेपट्या हलताना दिसल्या तर त्यांत हे जिवाणू असू शकतात. तिथे त्यांच्यासारखेच दिसणारे, गंधक न साठवणारे दुसरे धाग्याचे जिवाणूही असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. एक मात्र नक्की, अशा शेपट्या दिसल्या तर त्या पाण्यात कुजणारा माल भरपूर आहे. त्यावर ड्रीप जोडू नका. साखर कारखान्याच्या किंवा डिस्टिलरीच्या सांडपाण्याची शंका असेल, तर विहिरीचं पाणीही सल्फाइडसाठी तपासून घ्या, कारण त्या सांडपाण्यात सल्फेट आणि कुजणारे पदार्थ दोन्ही असतात, आणि सल्फाइड तयार व्हायला हेच दोन लागतात.

जिवाची काळजी

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे. बंद हौदात, झाकलेल्या संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत), जुन्या विहिरीत तो तळाला साचतो. थोडा असतो तेव्हा वास येतो. हवेत १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं आत उतरतात. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि घरातली दोन माणसं जातात. म्हणून पाण्याची टाकी उघडीच ठेवा, झाकण नको, वर जाळी टाका. बंद संप साफ करायची वेळ आली तर आधी सगळं पाणी उपसा, भरपूर वेळ पंख्याने हवा खेळवा, आणि तरी आत उतरू नका, लांब दांड्याच्या खराट्याने बाहेरूनच घासा. मोटर खोलीतसुद्धा सल्फाइडच्या पाण्यात ॲसिड सोडताना दार-खिडकी उघडी ठेवा, कारण ॲसिडमुळे पाण्यातला सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतो.

क्रमाने करायचं झालं तर : या आठवड्यात वास आणि ॲसिडच्या थेंबाची परीक्षा, मग सल्फाइड, सामू, लोह यांची तपासणी, आकडा आला की टाकीचा निर्णय, आणि टाकी होईपर्यंत आठवड्याला फ्लश व मोजून क्लोरीन. पावसाळ्यानंतर भूजल वर आलं की आकडा बदलतो, म्हणून तपासणी एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा दिवाळीनंतर करून घ्या. क्लोरीनचं माप त्या त्या हंगामाच्या आकड्यावरून ठरवा.